पार्ट टू

आमच्या घरात पहिलं रिबूट बाबांनी केलं. तांदळाच्या ताटात, सोन्याच्या अंगठीने, भरल्या घरात. तेव्हा हा शब्द बडोद्यात कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून लोकांनी त्याला लग्न म्हटलं आणि पेढे खाऊन आपापल्या घरी गेले.

शब्द मला शिकवला माझ्या लेकीने, मागच्या वर्षी. ती कॉलेजात जाते. घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि फोनवर काय बोलते ते देवालाच ठाऊक. एका सकाळी मी गवार मोडत बसले होते, तर ही नाचतच स्वयंपाकघरात आली. "मम्मी, तुझा तो अंतराळवाला पिक्चर परत येतोय! हिंदीत पण!"

"पार्ट थ्री?"

"नाही ने! रिबूट. म्हणजे जुनं सगळं पुसायचं. माणसं तीच, नावं तीच, चेहरे नवे. आधीच्या पार्टमध्ये जे काही झालं ते झालंच नाही असं धरायचं."

समोर खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "झालंच नाही, असं धरता येतं?" त्यांनी विचारलं.

या बाई म्हणजे माझी सावत्र आई. मराठी माणूस आईला अहो-जाहो करत नाही. मी केलं, चाळीस वर्षं, आणि समजून उमजून केलं. 'तुम्ही जेवलात का', 'तुमची गोळी घ्या', 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं'. लोक म्हणायचे, काय मान देते हो सावत्र आईला! मान कसला डोंबलाचा, तिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवायची ती माझी रीत होती. आणि तिच्या पाठीमागे मी तिला पार्ट टू म्हणायचे. लिहिताना मात्र 'ती' म्हणते आहे. आता समोर नाही, म्हणून जमतंय.

माझी खरी आई शाळेत विज्ञान शिकवायची. आम्ही बडोद्याच्या वाडी भागात राहायचो, अरुंद गल्लीत, खाली तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक आणि वर आम्ही. रविवारी सकाळी टॉकीजमध्ये इंग्रजी पिक्चर लागायचे. बाबांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांच्या आजोबांपासून घरात सगळ्यांनी सरकारी दप्तरंच सांभाळली, आधी संस्थानची, मग सरकारची. त्यांना कागद सोडून काही गोड लागायचं नाही. म्हणून आई मलाच घेऊन गेली. मी दहा वर्षांची होते.

पिक्चर असा होता की एक मोठं यान हजारभर झोपलेली माणसं घेऊन दूरच्या ग्रहाकडे चाललंय आणि कॅप्टन आहे एक बाई. मला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. आई माझ्या कानाशी तोंड आणून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. शेवटी यानाचं दार अडकतं आणि ते बाहेरूनच बंद करावं लागणार असतं. कॅप्टन बाहेर जाते, दार लावते आणि बाहेरच राहते. काचेवर तिचा हात दिसतो. आत सगळे रडतात. आई कानात म्हणाली, "ती म्हणतेय, घाबरू नका, मी आहे इथंच." तो पिक्चर मी आजवर विसरले नाही, पण मला त्यातलं इंग्रजी आठवत नाही, आईचं मराठी आठवतं.

पुढच्या वर्षी आईला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. दहाव्याला सगळे नर्मदेवर, चांदोदला गेले. मी पण निघाले होते, चप्पल घालून जिन्यात उभी होते. आत्या म्हणाली, हे पोरींचं काम नव्हे, तू घर राख. दिवसभर मी एकटी घर राखत बसले. माझ्या आईला सगळ्यांनी भात दिला. मी नाही दिला.

वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढच्याच महिन्यात बाबांनी पादरा गावची मुलगी केली. मास्तरांची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, रंगाने सावळी, लग्न जमता जमत नव्हतं. आल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं आणि आत्याने तांदूळ पसरलेलं ताट बाबांपुढे ठेवलं. आमच्यात नवी सून घरात आली की तिचं माहेरचं नाव बदलायचं असतं. नवरा अंगठीने तांदळात नवं नाव लिहितो, मग ते मोठ्याने सांगतात आणि पेढे वाटतात. मी अगदी पुढे बसले होते. बाबांनी अंगठी धरली आणि एकही अक्षर न अडखळता माझ्या आईचं नाव लिहिलं.

आत्या म्हणाली, "अरे, हे काय करतोस?"

बाबा शांतपणे म्हणाले, "रेशनकार्डावर तेच आहे. दारावरच्या पाटीवर तेच आहे. भांड्यांवर तर खोदलेलंच आहे. उगीच खोडाखोड कशाला?" खोडाखोडीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. चुकलेला कागद चालतो, खोडलेला चालत नाही, असं ते नेहमी म्हणायचे. त्यांना वाटलं, आपण मोठं शहाणपणाचं काम केलं. दुष्टपणा त्यांच्या मनातही नसेल, आणि तेच जास्त वाईट होतं.

शेजारची गुजराती काकी पेढा तोंडाशी नेता नेता विचारत होती, नवी भाभीचं नाव काय ठेवलं? नाव ऐकलं आणि पेढा पुन्हा बशीत ठेवला. नवी नवरी ताटाकडे बघत होती. नाव कुणाचं ते तिला माहीत होतं, भिंतीवर हार घातलेल्या फोटोखाली ते लिहिलेलंच होतं. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी जीभ काढून दाखवली.

तिचं माहेरचं नाव मला ठाऊक होतं. तिचा भाऊ निघताना जिन्यात त्याच नावाने तिला हाक मारून गेला. त्यानंतर त्या नावाने तिला कुणी बोलावलं नाही. मी एकदा बोलावलं, भांडताना, शिवी द्यावी तसं.

आमच्याकडे प्रत्येक ताट-वाटीवर आईचं नाव कोरलेलं होतं. ती जेवायला बसली की मी म्हणायचे, "हे ताट माझ्या आईचं आहे." ती मुकाट्याने ते बाजूला ठेवायची. दुसरं घेतलं की मी म्हणायचे, "तेही." शेवटी ती पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात जेवायला लागली. झाकणावर काही कोरलेलं नव्हतं. बाबा विचारायचे, हे काय, ताटं काय कमी आहेत? ती म्हणायची, मला झाकणच बरं पडतं. माझं नाव तिने बाबांना कधी सांगितलं नाही. त्याचाही मला राग यायचा. सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तर अशात पिक्चरचा दुसरा भाग आला. मी बाबांच्या मागे भुणभुण लावली. त्यांना वाटलं, चला, तिघं मिळून जाऊ, पोरगी जरा निवळेल. टॉकीजला पोचेपर्यंत गर्दी झाली होती. दोन जागा शेजारी मिळाल्या आणि एक चार रांगा मागे. बाबा मागे जाऊन बसले, आणि त्यांनी सांगितलं, तू तिला समजावून सांग हं, तुला येतं आता इंग्रजी. खरंच येत होतं. आई गेल्यापासून मी डिक्शनरी घेऊन बसायचे.

पडद्यावर यान आलं, तीच माणसं आली. दार उघडलं आणि कॅप्टन परत आली. ती वाचली होती. पण ती ती नव्हतीच! दुसरीच कुणीतरी नटी होती. नाक वेगळं, केस वेगळे, हसणं वेगळं. जुनीने पैसे जास्त मागितले असतील नाहीतर भांडण झालं असेल, आज मला कळतं. तेव्हा एवढंच कळलं की यानातली सगळी माणसं तिला मिठ्या मारतायत, तिला त्याच नावाने हाक मारतायत, आणि चेहरा बदललाय हे एकालाही दिसत नाहीये. माझ्या अंगाची आग आग झाली.

शेजारून हळूच आवाज आला. "काय म्हणतायत गं?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं, आई न्यायची तसंच. म्हटलं, "ते म्हणतायत, ही ती नाही."

"हो का? मग मिठ्या का मारतायत?"

"तिला संशय येऊ नये म्हणून."

पुढचा पाऊण तास मी तिला पिक्चर सांगितला. पडद्यावर कॅप्टन जखमी माणसाला पाणी पाजत होती, मी सांगितलं, तो म्हणतोय तुझ्या हातचं नको. पडद्यावर एक लहान मुलगी कॅप्टनच्या मांडीवर झोपली, मी सांगितलं, ती झोपेचं सोंग करतेय, तिला सगळं माहितीये. मग सगळे एकत्र बसून काही नकाशा बघत होते. मी सांगितलं, "त्यांचं ठरलं. दार उघडायचं आणि हिला बाहेर टाकायचं."

मध्यंतर झालं. दिवे लागले. "खरंच टाकतात?" तिने विचारलं.

"हो. शेवटी टाकतात," मी म्हटलं. शेवट मी अजून पाहिलाच नव्हता.

ती उठली. बाबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि बाहेर गेली. बाबा तिच्यामागे गेले नाहीत, ते पुन्हा डुलकी काढायला लागले. मी उरलेला पिक्चर मजेत बघितला. शेवटी कॅप्टन सगळ्यांना सुखरूप घरी आणते आणि ती लहान मुलगी तिचा हात सोडत नाही. आम्ही बाहेर आलो तर ती समोरच्या फुटपाथवर, उन्हात, उभीच होती. मी बाबांना म्हटलं, "पार्ट टू एकदम बकवास." तिच्याकडे बघत म्हटलं. त्या दिवसापासून नाव पक्कं झालं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, माझं तर सुंभही जळलं नाही. मी वाढले, शिकले, नोकरीला लागले, माझं लग्न झालं. नवरा वाघोडियाला कारखान्यात. माझ्या लग्नात मी सासरी सांगून ठेवलं, माझं नाव बदललेलं मला चालणार नाही. लोकांना वाटलं, आधुनिक मुलगी आहे. माझ्या बाळंतपणात दीड महिना ती माझ्यापाशी होती, रात्रंदिवस, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं. मी तिला म्हटलं, "तुम्हाला स्वतःचं झालं नाही, तरी बरंच येतं की तुम्हाला." ती हसली आणि बाळाला तेल लावायला लागली. हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि हात धुवावेसे वाटतायत.

बाबा गेले तेव्हा ती माझ्या फ्लॅटवर आली. बरोबर एक रेक्झिनची पिशवी होती. वाडीतल्या घरात ती पिशवी कायम कपाटावर असायची. माहेराहून आली तेव्हाची, चेन लावलेली, कधी उघडलेली मी पाहिली नाही. माझ्याकडेही तिने ती कपाटावरच ठेवली. मी एकदा म्हटलं, "उतरवा ते धूड, झुरळं होतील." ती म्हणाली, "असू दे गं. हाताशी बरी."

तर रिबूट. लेकीने हट्टच धरला, आजीला न्यायचंच. मला जायचं नव्हतं. पण ती स्वतः म्हणाली, "जाऊ या. त्या वेळी शेवट बघायचा राहिला होता." दुपारच्या शोची तिकिटं काढली. मॉलमध्ये सरकत्या जिन्याला ती घाबरली, मी पुढे निघून गेले, लेकीने तिला हाताला धरून वर आणलं.

पिक्चर हिंदीत होता, त्यामुळे तिला या वेळी कुणाच्या मदतीची गरज नव्हती. कॅप्टन आली. तिसरीच नटी, पंचविशीची, चकाचक. नाव तेच. मी मनात म्हटलं, घ्या, आता पार्ट वनही गेला आणि पार्ट टूही गेला, माझ्या आईचा हातही त्या काचेवरून पुसला यांनी. मला खरोखर रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. येईना! डोळे मिटून तिचं नाव मनात घेतलं, तर शेजारी बसलेलीचा चेहरा आला. चाळीस वर्षं त्या नावाला तीच ओ देत होती. सख्ख्या आईला मी दहा-अकरा वर्षं पाहिलं आणि हिला चाळीस. नावाने शेवटी आपलं माणूस बदललं होतं आणि मला पत्ता लागला नव्हता.

इकडे ती खुर्चीचा हात गच्च धरून बसली होती. कॅप्टन कुठल्याही दाराजवळ गेली की ती पाय वर घ्यायची. एकदा दार उघडलं आणि ती मोठ्याने म्हणाली, "आता टाकतील तिला!" पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. कुणी तिला टाकलं नाही. पिक्चर संपला, कॅप्टन जिवंत, यान घरी.

खाली खाण्याच्या मजल्यावर आम्ही बसलो. लेक सेव-उसळ घेऊन आली. म्हातारीने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "यात नाही टाकलं का तिला? जुन्यात टाकलं होतं ना?"

"जुन्यात कुठे टाकलं, आजी?" लेक म्हणाली. "मी बघितलाय तो. तीच तर सगळ्यांना वाचवते."

ती माझ्याकडे बघायला लागली. आणि मला, अशा वेळी, हसू फुटलं. मी म्हटलं, "अहो, मी थापा मारल्या होत्या! तेरा वर्षांची होते. सगळं मनाने रचून सांगितलं तुम्हाला. आणि तुम्ही चाळीस वर्षं खरं धरून बसलात? कमाल आहे बाई तुमची!" मी हसत राहिले. लेक हसली नाही.

तिने चमचा खाली ठेवला. "म्हणून ती पिशवी मी कधी सोडली नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मला सांगून ठेवतेयस. दार उघडलं की आपलं सामान हाताशी हवं."

माझं हसणं आपोआप थांबलं. तेव्हाच काही बोलायला हवं होतं. मी उसळीत लिंबू पिळलं.

मग ती म्हणाली, "ते झालंच नाही धरायचं म्हणतात, ते माझंही कर. आता नाही, आता कशाला. मी गेल्यावर. चांदोदला गुरुजी नाव विचारतील, तेव्हा माझं माहेरचं नाव सांग. तिच्या नावाने दिलंस तर ते तिला पोचेल गं. मी तिथेही उपाशीच बसेन." आणि तिने ते नाव घेतलं, हळूच, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात. साधं तीन अक्षरी नाव. "विसरणार नाहीस ना?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "घेईन हो घेईन. आधी मरा तर खरं!"

ती हसली. खरंच हसली, तोंडावर पदर धरून. तिला वाटलं, मी हो म्हटलं.

चार महिन्यांनी ती गेली. न्युमोनिया झाला, आठवडाभर दवाखान्यात होती. भरतीच्या कागदावर, तपासण्यांवर, स्मशानातल्या पावतीवर, महापालिकेच्या दाखल्यावर, सगळीकडे मी माझ्या आईचं नाव लिहीत होते. दुसरं लिहिता आलंही नसतं, तिच्या आधारकार्डावर तेच होतं. बाबांचं काम पक्कं होतं, कुठे एक खोडाखोड नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीने ती पिशवी कपाटावरून काढली. आत दोन सुती साड्या, फणी, करंडा, आणि फडक्यात बांधलेली एक छोटी वाटी. लहानपणी दूध प्यायची असेल. वाटीवर तिचं माहेरचं नाव कोरलं होतं, मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात. आमच्या घरात चाळीस वर्षं राहून तिने ती एकदाही बाहेर काढली नव्हती. लेक म्हणाली, "ही चांदोदला न्यायची. म्हणजे तू विसरणार नाहीस." मी म्हटलं, "मी काय विसरणार आहे? तू मला काय समजतेस?"

दहाव्याला आम्ही नर्मदेवर गेलो. तिला मुलगा नव्हता, भाऊ केव्हाच गेला होता. गुरुजी बडोद्याहून बरोबर आले होते, म्हणाले, हल्ली मुली करतात, करा तुम्ही. मी ओलेत्याने बसले. पुढे दर्भ, तीळ, भाताचे पिंड. लेकीने तीळ त्या वाटीत काढून वाटी माझ्यापुढे ठेवली, नाव माझ्याकडे करून.

गुरुजींनी विचारलं, "गोत्र?" मी सांगितलं.

"नाव?"

मी वाटीकडे बघत होते. अक्षरं समोर होती. आणि तोंडातून आईचं नाव गेलं.

पहिल्यांदा सवयीने गेलं, शपथ घेऊन सांगते. लेकीने मागून पदर ओढला. "मम्मी! वाटी!" गुरुजी पळी हातात धरून थांबले. "काही दुरुस्ती आहे का?"

त्या घटकेला मला काय झालं ते मी सरळ सांगते. मला जिन्यात चप्पल घालून उभी असलेली अकरा वर्षांची मी दिसले. नदी तीच, भात तोच, नाव तेच, आणि या वेळी माझा हात पुढे होता. माझ्या आईला माझ्या हातचा भात कधी मिळाला नव्हता. तो आज मिळणार होता. एक शब्द बोलले की तो तिच्यापासून जाणार होता.

मी म्हटलं, "नाही. चालू द्या."

गुरुजी मंत्र म्हणत गेले. प्रत्येक पिंडाला ते नाव पुन्हा यायचं. मी मोजत नव्हते, पण संधी खूप आल्या. दर वेळी वाटलं, पुढच्याला सांगू, एवढा आईचा होऊ दे. असे सगळे आईचे झाले. पाणी सोडताना मी रडले, आणि गुरुजी लेकीला म्हणाले, बघ, सावत्र असून किती जीव होता.

घरी आल्यावर वाटी धुऊन लेकीने आपल्या खोलीत नेली. मी एकदा उचलायला गेले तर म्हणाली, "तू नको हात लावू." वर्षश्राद्धाला दुरुस्ती करता येते का, असं मी गुरुजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, दहाव्याचं दहाव्याला, ते आता झालं. झालंच नाही असं धरता येत नाही का, असं विचारणार होते, पण जीभ रेटली नाही.

तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. जिथे घ्यायचं होतं तिथे घेतलं नाही, आता इथे मिरवून काय करू? जन्मभर मी बोंबलत होते की पादऱ्याहून आलेल्या या बाईने माझ्या आईचं ताट बळकावलं. ती तर झाकणात जेवत होती. ताट मी बळकावलं, तिचं, आणि तेही शेवटचं.